छर्ऱ्याचा बीसी नक्की कुठे उपयोगी पडतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे. ४.५ मिलिमीटरची पीसीपी (आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) रायफल, ८.४४ ग्रेनचा (७००० ग्रेन म्हणजे एक पौंड) गोल डोक्याचा छर्रा. छर्ऱ्याचा मार्ग काढून देणाऱ्या मोबाइलमधल्या बॅलिस्टिक ॲपमध्ये बीसी (बॅलिस्टिक कोइफिशंट, म्हणजे छर्रा हवेत वेग किती टिकवतो याचा आकडा) ०.०२१ टाकला, वेग म्हणून रायफलच्या खोक्यावर छापलेला सेकंदाला २४० मीटर टाकला, ३० मीटरवर झिरो केलं, म्हणजे त्या अंतरावर नेम आणि छर्रा जुळवला. पण ५० मीटरवर छर्रे ॲपच्या हिशेबापेक्षा ३ सेंटिमीटर खाली पडतात. मग बीसी हा आकडाच खोटा समजायचा का? आणि मित्र वापरतो तो १०.३४ ग्रेनचा, ०.०२७ बीसीचा छर्रा घेतला तर हा प्रश्न सुटेल का? आणि जाता जाता, स्लग (कंबर नसलेली, बंदुकीच्या गोळीसारखी) घ्यावी का?

निकाल आधी सांगतो, कारणमीमांसा नंतर. तुमच्या ३ सेंटिमीटरचा दोष बीसीवर जात नाही. बीसीचा खरा परिणाम दिसतो तो आडव्या वाऱ्यात, आणि तिथे तुम्ही त्याच्याकडे अजून पाहिलेलंच नाही.

हे मी अंदाजाने म्हणत नाही, हिशेब करून बघू. स्कोपची उंची नळीच्या मध्यापासून साडेचार सेंटिमीटर धरली आणि बाकी आकडे तुमचेच ठेवले, तर ३० मीटरवर झिरो केलेली रायफल ५० मीटरवर साधारण ९.२ सेंटिमीटर खाली मारते. आता बीसी १० टक्क्यांनी चुकवू. ०.०२३ धरला तर ८.८ सेंटिमीटर येतात, ०.०१९ धरला तर ९.६ ते ९.७. म्हणजे दोन्ही बाजूंना फरक जेमतेम ४-५ मिलिमीटरचा. पाव एमओएच्या (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) स्कोपला ५० मीटरवर एक क्लिक, म्हणजे स्कोपच्या चकतीचा एक खटका, ३.६ मिलिमीटरचा. तेव्हा बीसीमधली १० टक्क्यांची चूक ही एका क्लिकची गोष्ट आहे, आणि ती तुमच्या ग्रुपच्या, म्हणजे एकाच बिंदूवर मारलेल्या छर्ऱ्यांच्या पसाऱ्याच्या, आतच हरवून जाते. ५० मीटरवर तुमचा पाच गोळ्यांचा ग्रुप २ सेंटिमीटरचा असेल तर तुम्ही चांगले नेमबाज आहात. त्या २ सेंटिमीटरमध्ये ४ मिलिमीटर शोधून दाखवा!

उलट्या बाजूने जाऊ. केवळ बीसीमुळे ३ सेंटिमीटरचा फरक पडायचा तर खरा बीसी ०.०१३ च्या आसपास असावा लागेल. हा आकडा सपाट डोक्याच्या, १० मीटरच्या कागदी टार्गेटसाठी बनवलेल्या छर्ऱ्यांच्या घरातला आहे. चांगल्या गोल डोक्याच्या छर्ऱ्याचा बीसी इतका घसरायचा तर त्याचा स्कर्ट (मागचा पोकळ घेर) चेपलेला तरी असेल, नाहीतर नळीच्या तोंडाला इजा झालेली असेल. तसं असतं तर ग्रुप आधीच फुटला असता आणि तुमचा प्रश्न वेगळा असता.

मग चोर कोण? माझा पहिला संशय वेगावर आहे. खोक्यावरचा वेग बहुधा हलक्यात हलका छर्रा घालून मोजलेला असतो, आणि तुम्ही मारताय तो छर्रा तो नव्हे. समजा तुमच्या नळीतून तो प्रत्यक्षात सेकंदाला २२५ मीटरनेच निघतोय. एवढ्यानेच ५० मीटरवर छर्रा १.७ सेंटिमीटर खाली जातो. दुसरा संशय अंतरावर. तुमचे ५० मीटर टेपने मोजलेले आहेत की पावलांनी? ५० मीटरच्या आसपास हा छर्रा इतक्या तिरक्या कोनात उतरत असतो की अंतर एक मीटर चुकलं की साडेसात मिलिमीटरचा फरक पडतो. टार्गेट खरं तर ५२ मीटरवर असेल तर दीड सेंटिमीटर तिथेच गेला. १.७ आणि १.५ ची बेरीज तुम्हीच करा. बिचाऱ्या बीसीला हात न लावता तुमचे ३ सेंटिमीटर पूर्ण झाले.

स्कोपची उंची हीसुद्धा लोक डोळ्याने ठरवतात. ती अर्ध्या सेंटिमीटरने चुकली तर ५० मीटरवर ३ मिलिमीटर आणि १० मीटरवर उलट्या दिशेला तेवढेच. म्हणून एक खूण लक्षात ठेवा: १० ते १५ मीटरवर ॲप आणि कागद जुळत नसेल तर बीसी बदलत बसू नका, इतक्या जवळ बीसीला काही करायला वावच नसतो. कॅलिपर घेऊन स्कोपची उंची पुन्हा मोजा. मी असे नेमबाज पाहिलेत की ज्यांनी जवळची चूक बीसीने झाकली, मग ती लांबवर उघडी पडली, मग ती वेगाने झाकली, आणि शेवटी त्यांच्या ॲपमध्ये अशी रायफल तयार झाली जी जगात कुठेच अस्तित्वात नाही.

आता बीसी म्हणजे काय, ते एकदा नीट बघू, कारण त्याशिवाय पुढचं बोलणं हवेत राहील.

छर्रा हवेतून जाताना वेग गमावतो. किती लवकर गमावतो ते दोन गोष्टींवर ठरतं: छातीच्या, म्हणजे समोरच्या रुंदीच्या, मानाने तो किती वजनदार आहे, आणि त्याचा आकार हवेला किती अडतो. पहिल्या गोष्टीला सेक्शनल डेन्सिटी म्हणतात. पौंडातलं वजन भागिले इंचातल्या व्यासाचा वर्ग. ८.४४ ग्रेन म्हणजे ८.४४ भागिले ७००० पौंड, व्यास ०.१७७ इंच, उत्तर ०.०३८५. दुसऱ्या गोष्टीला फॉर्म फॅक्टर म्हणतात: एका ठरावीक प्रमाण गोळ्याच्या तुलनेत आपल्या छर्ऱ्याचा आकार किती पटींनी वाईट. सेक्शनल डेन्सिटीला फॉर्म फॅक्टरने भागलं की बीसी. ०.०३८५ मधून ०.०२१ यायचा तर फॉर्म फॅक्टर १.८ च्या थोडा वर बसतो. म्हणजे आपला छर्रा आकाराने त्या प्रमाण गोळ्याच्या जवळजवळ दुप्पट वाईट आहे.

हा प्रमाण गोळा कोणता, हे विचारण्यासारखं आहे. डब्यावर किंवा ॲपमध्ये काही वेगळं लिहिलेलं नसेल तर तो जी-१ असतो: सपाट बुडाचा, टोकदार नाकाचा, तोफेच्या गोळ्यासारखा. त्याची मुळं एकोणिसाव्या शतकातल्या तोफांच्या चाचण्यांमध्ये आहेत. १८८१ च्या सुमारास जर्मनीत क्रुप या तोफा बनवणाऱ्या कंपनीने गोळा केलेली मोजमापं आणि त्यावरून रशियाच्या मायेव्स्कींनी बांधलेली सूत्रं. तोफखान्याची ही मोजपट्टी आपण अर्ध्या ग्रॅमच्या, कंबर असलेल्या, आतून पोकळ शिशाच्या तुकड्याला लावतो. ती बरी लागते हेच नवल. सेकंदाला १५० ते २६० मीटर या पट्ट्यात ती पुरेशी बरी लागते, म्हणूनच हा आकडा टिकून आहे. वेग आणखी वाढवून ध्वनीच्या वेगाजवळ नेला, तर छर्ऱ्याला होणारा हवेचा रोध चढायला लागतो, पण तो जी-१ च्या चढाशी पावलाला पाऊल मिळवून चढत नाही. तेव्हा एकाच छर्ऱ्याचा बीसी सेकंदाला २३० मीटरला एक आणि ३०० मीटरला दुसरा निघतो. काही ॲपमध्ये जीए नावाचं, खास डायबोलो (कंबर असलेल्या) छर्ऱ्यांसाठीचं रोधाचं मॉडेल असतं. असेल तर ते निवडा, पण मग बीसीही त्याच मॉडेलचा टाका. जी-१ चा आकडा जीएत घातला की सव्वा रुपयाची मोजदाद बाराखडीत केल्यासारखं होतं.

छर्ऱ्याचा आकार इतका वाईट का ठेवलाय, असा प्रश्न पडला असेल तर तो रास्त आहे. बॅडमिंटनचं फूल आठवा. बूच पुढे, पिसांचा घेर मागे. कसंही मारलं तरी बूच पुढे करूनच जातं, कारण हवेची ओढ मागच्या घेरावर बसते आणि वजन पुढे असतं. छर्ऱ्याचं तेच. डोकं भरीव, मागचा स्कर्ट पोकळ आणि रुंद. रोध हा इथे दोष नाही, तो छर्ऱ्याला सरळ ठेवणारा हात आहे. कंबर भरून, स्कर्ट आवळून बीसी वाढवता येतो, पण मग तो हात सुटतो आणि सगळा भार नळीच्या पिळावर, म्हणजे छर्ऱ्याच्या गिरकीवर येतो. स्लगची गोष्ट नेमकी हीच आहे; तिच्याकडे शेवटी येतो.

एवढं कळल्यावर डब्यावरच्या आकड्याबद्दल जपून का वागायचं तेही कळेल. बीसी हा छर्ऱ्याचा जन्मजात गुण नसतो. तो छर्रा, ती नळी, तो वेग आणि त्या दिवशीची हवा यांनी मिळून दिलेला निकाल असतो. एका नळीतून छर्रा स्वच्छ निघतो, दुसरीत पिळाचे खाचे त्याच्या स्कर्टवर खोल उमटतात, तिसरीतून तो किंचित डुलत निघतो. तिन्ही ठिकाणी बीसी वेगळा. कारखान्यातला साचा बदलला की त्याच नावाच्या डब्यातला छर्रासुद्धा थोडा वेगळा येतो, हे अनेक वर्षं एकच छर्रा मारणाऱ्या कोणालाही विचारा.

आणि हवा. बीसीचा आकडा प्रमाण हवेसाठी असतो, म्हणजे १५ अंश सेल्सिअस आणि समुद्रसपाटीचा दाब असं साधारण धरून चाला. ३५ अंशांना हवा त्याहून साडेसहा टक्के विरळ असते. त्या उन्हात कोणी मोजमाप केलं आणि हवेची दुरुस्ती केली नाही, तर ०.०२१ चा छर्रा ०.०२२५ दिसेल. हजार मीटर उंचीच्या पठारावर हवा आणखी नऊ-दहा टक्क्यांनी हलकी. त्यामुळे दोन माणसं एकाच छर्ऱ्याचे दोन बीसी सांगून भांडत असतील तर दोघंही खरं बोलत असण्याची शक्यता बरीच आहे. ॲपमध्ये तापमान आणि दाब टाकायची जागा असते, ती रिकामी सोडू नका. आर्द्रतेची काळजी मात्र सोडा, तिचा परिणाम नगण्य आहे.

स्वतः मोजायचा असेल तर मोजता येतो, आणि एकदा तरी मोजावाच असं माझं मत आहे. सूत्र सोपं आहे. दोन ठिकाणी वेग मोजा. जवळचा वेग भागिले लांबचा वेग, त्याचा नॅचरल लॉग घ्या. तो ७३०० ने गुणा. दोन मोजणीच्या जागांमधलं मीटरमधलं अंतर या गुणाकाराने भागा. उदाहरणार्थ, जवळ २४०, ४० मीटर पुढे १८५. भागाकार १.२९७, लॉग ०.२६०, गुणिले ७३०० म्हणजे १९००. ४० भागिले १९०० म्हणजे ०.०२१. अंतर यार्डात असेल तर ७३०० च्या जागी ८००० घ्या. हे सूत्र रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आहे असं धरतं, म्हणून सेकंदाला २६० मीटरच्या खालीच वापरा.

सूत्र सोपं, मोजणी अवघड. माझा पहिला प्रयत्न सांगतो. दोन क्रोनोग्राफ (छर्ऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं), मध्ये १० मीटर अंतर. बीसी आला ०.०२७. मी खूश, इतका चांगला छर्रा इतरांच्या लक्षातच आला नाही म्हणून मनातल्या मनात मिशीला पीळही दिला. मग कोणीतरी शहाणपणाने सुचवलं की यंत्रांची अदलाबदल करून बघ. जवळचं लांब, लांबचं जवळ. बीसी आला ०.०१७! दोन यंत्रांमध्ये दीड टक्क्याचा फरक होता, एवढंच. १० मीटरमध्ये हा छर्रा जेमतेम सहा टक्के वेग गमावतो. त्यात दीड टक्का यंत्राची चूक म्हणजे पाव हिस्सा निकाल यंत्रानेच ठरवला. दोन्ही वेळच्या लॉगची सरासरी घेतली तेव्हा उत्तर ०.०२१ वर आलं, कारण अदलाबदलीत यंत्रांची चूक एकदा वर आणि एकदा खाली जाऊन कटते. सरासरी लॉगची घ्यायची हं, बीसीची नाही.

यातून दोन धडे. अंतर मोठं ठेवा. यंत्राची एक टक्का चूक ४० मीटरवर निकालात चारच टक्के चूक घालते, १० मीटरवर पंधरा टक्के. आणि यंत्रं अदलाबदल करा, किंवा एकच यंत्र वापरून दहा छर्रे जवळ, दहा लांब अशी सरासरी काढा. एकाच यंत्राची टक्केवारीतली चूक भागाकारात आपोआप जाते. रेग्युलेटर (हवेचा दाब स्थिर ठेवणारा भाग) असलेल्या पीसीपीला ही दुसरी पद्धत छान चालते, कारण तिचा वेग शॉटमागून शॉट स्थिर असतो. स्प्रिंग रायफलचा वेग वरखाली होतो, तिथे गोळ्या जास्त लागतील. डॉप्लर रडार असेल तर प्रश्नच मिटला, ते एकाच छर्ऱ्याचा वेग वाटेत अनेक जागी मोजतं. लांबचा क्रोनोग्राफ लाकडी फळीआड ठेवा, फक्त त्याची मोजण्याची खिडकी उघडी. आणि त्याच्या मागे छर्रे अडवणारी भक्कम आड हवीच. लांबच्या खिडकीतून छर्रा जाईल याची खात्री आधी कागदावर ग्रुप बघून करा, यंत्रावर नव्हे.

आता वाऱ्याकडे, कारण बीसीची खरी किंमत तिथे वसूल होते.

आडव्या वाऱ्यात छर्रा किती सरकतो याचा हिशेब फार देखणा आहे. छर्ऱ्याला ५० मीटर जायला प्रत्यक्षात लागलेला वेळ घ्या. त्यातून, वेग अजिबात कमी झाला नसता तर लागला असता तो वेळ वजा करा. उरला तो उशीर. उशीर गुणिले वाऱ्याचा वेग म्हणजे सरक. तुमच्या छर्ऱ्याला ५० मीटरला ०.२४६ सेकंद लागतात, वेग कायम असता तर ०.२०८ लागले असते. उशीर ०.०३८ सेकंद. सेकंदाला २ मीटरच्या आडव्या वाऱ्यात, म्हणजे गालाला नुसता जाणवेल इतक्या झुळकीत, छर्रा ७.६ सेंटिमीटर वाहून जातो. छर्रा हवेत एकूण किती वेळ होता यावर सरक ठरत नाही. वेग गमावल्यामुळे झालेला उशीर तेवढा मोजला जातो. आणि उशीर ठरवतो तो बीसी.

म्हणून उंचीच्या हिशेबात बीसी १० टक्के बदलून ४ मिलिमीटर मिळाले होते, इथे तोच बदल ७ ते ९ मिलिमीटर देतो, तोही नुसत्या झुळकीत. वारा दुप्पट झाला की हाही दुप्पट. शिवाय उंचीची चूक झिरो करताना आणि क्लिक मारताना दुरुस्त होते. वाऱ्याला झिरो नसतं.

आता तुमच्या मित्राचा १०.३४ ग्रेनचा छर्रा. रायफलची ताकद तीच धरू, तुमच्या आकड्यांवरून साधारण १५.७ ज्यूल. जड छर्रा हळू निघणार, सेकंदाला सुमारे २१७ मीटर. बीसी ०.०२७ खरा मानू. ५० मीटरला त्याला ०.२६३ सेकंद लागतात, म्हणजे तुमच्या छर्ऱ्यापेक्षा जास्त. नळीच्या रेषेपासून तो ३१ सेंटिमीटर पडतो, तुमचा २७. तरीसुद्धा २ मीटरच्या वाऱ्यात तो ६.४ सेंटिमीटरच सरकतो, तुमचा ७.६. हळू जाऊन, जास्त पडूनही वाऱ्यात कमी सरकतो. नव्या माणसाला हे पटायला वेळ लागतो, कारण त्याच्या डोक्यात वेगवान छर्रा म्हणजे वारा कमी असं बसलेलं असतं.

फायदा किती हे मात्र नेमक्या शब्दांत बघा. फील्ड टार्गेटमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या अंतरांवरच्या भोकांतून छर्रा घालायच्या स्पर्धेत, ५० मीटरवर ४० मिलिमीटरचं भोक आहे आणि तुम्ही मधोमध धरलंय, तर दोन्ही बाजूंना २० मिलिमीटरची मुभा. वारा ओळखण्यात सेकंदाला १ मीटरची चूक झाली तर हलका छर्रा ३८ मिलिमीटर चुकवतो, जड ३२. म्हणजे हलक्या छर्ऱ्याला तुमची वाऱ्याची चूक सेकंदाला अर्धा मीटरपर्यंत खपते, जड छर्ऱ्याला सव्वासहा दशांशापर्यंत. तो दशांश मीटर फार थोडा वाटेल, पण दिवसभराच्या चाळीस-पन्नास टार्गेटांत तो दोन-तीन गुण देऊन जातो, असं माझं मत. बदल्यात अंतराची चूक महागते: ५० मीटरजवळ दर मीटरला साडेसातऐवजी साडेआठ मिलिमीटरच्या वर. ज्याला अंतर नीट मोजता येतं पण वारा वाचता येत नाही त्याने जड छर्ऱ्याकडे जावं. ज्याचं उलट आहे त्याने थांबावं. बहुतेक सगळे पहिल्या गटात असतात, मीसुद्धा.

या सगळ्याच्या आधी एक अट आहे. तुमच्या नळीने तो जड छर्रा स्वीकारला पाहिजे. ०.०२७ चा छर्रा ५० मीटरवर ३५ मिलिमीटरचा ग्रुप देत असेल आणि ०.०२१ चा १८ मिलिमीटरचा, तर बीसीने वाचवलेला सेंटिमीटर ग्रुपनेच गिळला. निवडीचा क्रम माझ्याकडे कायम हाच: आधी ग्रुप, मग बीसी, मग वेग, आणि डब्यावरचं चित्र सर्वांत शेवटी. ग्रुप वारा नसलेल्या पहाटे बघा, नाहीतर वाऱ्याचा दोष छर्ऱ्यावर जाईल.

१० मीटरवर कागदी टार्गेट मारणाऱ्यांनी हा सगळा विषय खुशाल सोडून द्यावा. तिथे दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, म्हणून वाटतं की सगळं बारीक बघावं. पण सेकंदाला १७० मीटरच्या वेगाला बीसी ०.०१२ ऐवजी ०.०१५ केला तर १० मीटरमध्ये फरक पाव मिलिमीटरच्या आसपास, आणि साइट त्याच अंतरावर झिरो केलेली असल्यामुळे तोही शून्य होतो. म्हणूनच तिथे सगळे सपाट डोक्याचा छर्रा मारतात. बीसी दरिद्री, पण कागदाला भोक कसं स्वच्छ, कापल्यासारखं पाडतो.

तुम्ही शेवटी जाता जाता स्लगबद्दलही विचारलंय. स्लगचा बीसी त्याच कॅलिबरच्या छर्ऱ्याच्या दुपटीहून जास्त असू शकतो, त्यामुळे वाऱ्याचा मोह खरा आहे. पण स्लगला मागे ओढून सरळ ठेवणारा घेर नसतो. तिला योग्य पिळाची नळी, नळीच्या आतल्या मापाशी शेकडाव्या मिलिमीटरपर्यंत जुळणारा व्यास आणि बहुतेक वेळा तुमच्या रायफलहून जास्त ताकद लागते. १५-१६ ज्यूलच्या ४.५ मिलिमीटर रायफलमध्ये पैसे आणि शनिवार दोन्ही घालवायचा तो मार्ग आहे. शिवाय स्लग लांबवर जाऊनही वेग राखते, तेव्हा मागची आड छर्ऱ्याच्या सवयीने ठेवून चालत नाही.

तर तुम्ही आता असं करा. रायफलमध्ये तुमचाच छर्रा घालून दहा शॉट क्रोनोग्राफवर घ्या आणि सरासरी ॲपमध्ये टाका. स्कोपची उंची कॅलिपरने, ३० आणि ५० मीटर टेपने. बीसी ०.०२१ च राहू द्या. तापमान टाका. मग वारा पडलेला असताना १५, ३०, ४० आणि ५० मीटरवर पाच-पाच छर्रे मारून प्रत्येक ग्रुपचा मध्य मोजा. १५ मीटरवर जुळलं आणि ५० मीटरवर एक-दीड क्लिकने चुकलं, तेव्हाच बीसीला हात लावा, आणि ५० मीटर जुळेपर्यंत त्याला ०.००१ च्या पावलांनी सरकवा. तो ०.०१७ ते ०.०२५ च्या बाहेर जायला लागला तर थांबा, अजून कुठेतरी वेग, अंतर किंवा स्कोपचे क्लिक खोटं बोलत आहेत. क्लिक तपासायला २० मीटरवर उभी रेघ मारा, ४० क्लिक वर घ्या आणि छर्रा खरंच ५८ मिलिमीटर वर गेला का ते पट्टीने बघा.